वतनावर सोडलेलं पाणी

आजच्या चिंतनाला गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सातवा श्लोक घेतला आहे. अर्जुन तोवर खूप बोललेला असतो. कुलक्षय, पाप, स्वजन, भिक्षा मागून जगणं, सगळं बोलून झालेलं असतं. या श्लोकात मात्र तो वाद थांबवतो आणि साधारण असं म्हणतो : कार्पण्याने माझा मूळ स्वभावच झाकून गेलाय, धर्म कोणता ते मला कळत नाहीये, माझ्या खऱ्या हिताचं काय ते तू नक्की करून सांग, मी तुझा शिष्य आहे.

भगवंतांचा उपदेश सुरू होतो तो यानंतर. आधीच्या लांबलचक बोलण्याला त्यांनी दोन श्लोकांत झिडकारलं होतं. या एका श्लोकाला मात्र सतरा अध्यायांचं उत्तर मिळालं.

यातला "कार्पण्य" हा शब्द आज धरून ठेवू या. कार्पण्य म्हणजे कृपणपणा. आपण कृपण म्हणतो तो कंजूष माणसाला, ज्याची मूठ सुटत नाही त्याला. अर्जुन पैशाच्या बाबतीत कंजूष नव्हताच. त्याची मूठ दुसऱ्याच कशावर तरी आवळलेली होती. याच अध्यायात पुढे, ४९ व्या श्लोकात, फळावर डोळा ठेवून कर्म करणाऱ्यांनाही भगवंत कृपणच म्हणतात. म्हणजे गीतेच्या हिशेबात कृपण तो, ज्याला सोडता येत नाही.

प्रश्न कुठून आला

गेल्या आठवड्यात हरिपाठ संपल्यावर एका तरुण मित्राने विचारलं, "दादा, एवढं सगळं चाललंय बाहेर, आणि आपण इथे टाळ वाजवतोय. हे पळून जाणं नाही का?" तो मूळचा भोरकडचा, नोकरीला हिंजवडीत. त्याच्या प्रश्नात चिडचिड होती, पण खोटेपणा नव्हता.

बाहेर काय चाललंय ते आपण सगळेच बघतोय. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत महाराष्ट्रातले दोन मोठे पक्ष मधोमध फुटले. भोर आणि वेल्हे हे तालुके बारामती लोकसभा मतदारसंघात येतात. तिथे २०२४ ला एकाच घराण्यातली नणंद आणि भावजय समोरासमोर उभ्या होत्या. वरच्या घरात फूट पडली की ती झिरपत खाली येते. गावात वर्षानुवर्षं एका पंगतीला बसणारी माणसं वेगळ्या मांडवात बसायला लागतात. भावकीच्या ग्रुपवरून कुणीतरी "लेफ्ट" होतं. "निष्ठावान" आणि "गद्दार" हे दोन शब्द तर इतके स्वस्त झालेत, की एकच माणूस सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसरा.

अशा वेळी भक्ताला दोन सोपी उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "सगळी त्याचीच लीला, आपण नाम घ्यावं." दुसरं म्हणजे, "देव आपल्याच बाजूने आहे, तुटून पडा." मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. पहिल्याला तर गीतेचाच आधार नाही. अर्जुनही हेच म्हणत होता की मी बाजूला होतो, भिक्षा मागून जगतो. भगवंतांनी ते मान्य केलं नाही. दुसऱ्या उत्तराकडे शेवटी येतो.

मित्राला त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, की तुझ्याच तालुक्यात एक गाव आहे, आंबवडे. तिथे नागेश्वराचं देऊळ आहे, आणि दोन समाध्या आहेत. एक कान्होजी जेध्यांची, दुसरी शंकराजी नारायण सचिवांची. पहिल्याने राजकीय वादळात बाजू निवडली. दुसऱ्याला ती निवडता आली नाही. गीतेचा सातवा श्लोक समजून घ्यायला या दोन समाध्या पुरेशा आहेत. आज तेच जरा सविस्तर लिहितो.

कारी आणि उत्रौली

१६५९ साल. अफजलखान विजापूरहून निघालेला. त्याच्या आधी मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली. कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान १६ जून १६५९ चं आहे. मतलब सरळ होता : खानाला सामील व्हा, शिवाजीला साथ द्याल तर परिणाम भोगा.

आपल्याला पुढचं सगळं माहीत आहे, म्हणून ही निवड आपल्याला सोपी वाटते. प्रतापगड माहीत आहे, रायगडावरचा राज्याभिषेक माहीत आहे. जून १६५९ मध्ये हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा विजापूर ही चालू सत्ता होती. देशमुखी, हक्क, मानपान, सगळं त्या दरबारच्या कागदांवर उभं होतं. खानाची फौज प्रचंड होती. नुसत्या हिशेबाने बघितलं तर फर्मान मानणं हेच शहाणपणाचं होतं. आणि कायद्याने बघितलं तर तेच "निष्ठेचं"ही होतं. हे टोचणारं आहे, पण यावरून उडी मारून पुढे जाऊ नये.

रोहिडखोऱ्याच्या देशमुखीत तेव्हा दोन घराणी होती. कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे. आज भोरला गेलात तर उत्रौली अगदी शेजारी आहे, आणि कारी रायरेश्वराच्या वाटेवर. एकच खोरं, एकच नीरेचं पाणी, एकच फर्मान. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कारीचे कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे आले.

पुढचा प्रसंग जेधे करिन्यात नोंदवलेला आहे. ही जेध्यांच्या घरचीच नोंद, हे लक्षात ठेवून वाचावी. राजांनी कान्होजींना गळ घातली नाही. उलट सांगितलं, की खोपडे खानाकडे गेलेत, तुम्ही इथे राहिलात तर वतन जाईल, तुम्हीही जा. यावर कान्होजींनी शहाजीराजांना दिलेल्या शब्दाची आठवण काढली, आणि वतनावर पाणी सोडलं.

"पाणी सोडणं" आपण आज सहज म्हणतो. "त्या पैशांवर पाणी सोड." मुळात तो संकल्पाचा विधी आहे. दान करताना हातावरून पाणी सोडतात, म्हणजे आता हे माझं नाही. त्या पाण्याला परत ओंजळीत घेता येत नाही. कान्होजींनी सोडलं ते काही पोकळ नव्हतं. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. वाडवडिलांपासून आलेला हक्क, गावातला मान, मुलाबाळांची भाकरी, आणि "आम्ही कोण" या प्रश्नाचं उत्तर. वतनापायी सख्ख्या भावांनी एकमेकांचे मुडदे पाडल्याच्या कहाण्या मराठी मुलखात गावोगाव आहेत. त्यानंतर कान्होजींचा कबिला सुरक्षित राहावा म्हणून तळेगावला हलवावा लागला. म्हणजे धोका खरा होता, बायकामुलांपर्यंत आलेला होता.

आता श्लोकाकडे या. कान्होजींनी आधी काय केलं? बाजू निवडली का? मला वाटतं, त्याच्याही आधी त्यांनी मूठ उघडली. राजांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं, जिथे ती आवळलेली असणार. वतनावर पाणी सोडल्यावर निवडायला फार काही उरलंच नाही. दिलेला शब्द तेवढा समोर राहिला, आणि तो स्पष्ट दिसला. खंडोजींना तो दिसला नसेल असं मी म्हणत नाही. मधे वतन उभं होतं.

कार्पण्य गेलं की धर्म दिसतो, असं अर्जुनाच्या वाक्याचा क्रमच सांगतो. आधी तो म्हणतो, कृपणपणाने मला ग्रासलंय. मग म्हणतो, धर्माबद्दल माझं चित्त गोंधळलंय. पहिलं दुसऱ्याचं कारण आहे. आपण मात्र उलटं करतो. "नेमकं खरं काय, कोण बरोबर" याच्या मागे दिवसभर लागतो, आणि आपली मूठ कशावर आवळलीय ते बघतच नाही.

खोपड्यांसाठी शब्द टाकणारे जेधे

ही गोष्ट इथे थांबवली तर ती शाळेतल्या धड्यासारखी होईल. चांगला माणूस, वाईट माणूस, संपलं. पण करिना पुढेही सांगतो. खानाचा वध झाला, वारं फिरलं. खंडोजी खोपडे जीव मुठीत धरून लपले. मग त्यांनी मध्यस्थ शोधले, आणि त्यांच्या जिवासाठी राजांकडे रदबदली करणाऱ्यांत स्वतः कान्होजी जेधे होते.

जरा विचार करा. एकाच देशमुखीतला जुना वाटेकरी. आपण सगळ्यावर पाणी सोडत असताना जो पलीकडे गेला, तो. आपण जिंकलो, तो हरला. आजच्या भाषेत स्क्रीनशॉट काढून ठेवायचा तो क्षण. आणि कान्होजी त्याच्यासाठी शब्द टाकतात. राजांनी जीव घेतला नाही, पण एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा दिली. राज्य चालवणाऱ्याला दंड द्यावा लागतो. तो योग्य की अयोग्य, याची चर्चा आज इथे नको. माझं लक्ष कान्होजींवर आहे.

ज्याने आपल्या वतनावर खरंच पाणी सोडलंय, त्याला दुसऱ्याचा सूड घ्यायची गरज उरत नाही. सूड कशाचा घेणार? माझं काही त्याने हिरावलं असं वाटायला आधी "माझं" असावं लागतं. म्हणून मला वाटतं, उलथापालथीच्या काळात आपण बाजू स्वच्छ मनाने घेतली की नाही, याची परीक्षा निवडीच्या दिवशी होत नाही. ती नंतर होते. आपली बाजू जिंकल्यावर समोरच्याबद्दल आपल्या तोंडून काय निघतं, त्यात होते.

माउलींचं पसायदान आपण रोज म्हणतो. त्यात दुर्जनांचा नाश मागितलेला नाही. त्यांच्यातला दुष्टपणा जावा आणि त्यांनाही चांगल्याची गोडी लागावी, एवढंच मागितलंय. ज्ञानेश्वरी नेवाशात १२९० साली पूर्ण झाली. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. त्याच वर्षी माउलींनी आळंदीत समाधी घेतली. ज्या यादवांच्या राज्यात हा ग्रंथ लिहिला गेला, ते राज्य पुढे काही वर्षांत संपलं. पसायदान मात्र आजही वेल्ह्याच्या सप्ताहात रात्री कीर्तन संपल्यावर म्हटलं जातं. ज्या काळात घराबाहेरचं सगळं कोसळणार होतं, त्या काळाच्या तोंडावर माउलींनी आपल्याला हे मागणं शिकवून ठेवलं. हा योगायोग असेलही, पण मला तो विसरता येत नाही.

दोन्हीकडे धर्म असेल तर?

आता दुसरी समाधी.

कान्होजींच्या गोष्टीत मूठ उघडली आणि वाट दिसली. नेहमी असं होतं का? शंकराजी नारायण सचिवांची गोष्ट "नाही" म्हणते.

१६८९ मध्ये संभाजीराजांचा वध झाला. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि छोटे शाहूराजे मोगलांच्या कैदेत गेले. राजाराममहाराज जिंजीला गेले. मागे उरलेलं राज्य ज्या थोड्या माणसांनी सावरून धरलं, त्यांत रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण ही दोन मोठी नावं. राजगड, तोरणा, रोहिडा हा आपला सगळा मुलूख शंकराजींच्या हाताखालचा. भोरच्या पंतसचिवांचं घराणं त्यांच्यापासूनच सुरू होतं.

१७०० मध्ये राजाराममहाराज गेले. ताराबाईंनी राज्य हातात घेतलं आणि औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली. शंकराजींनी त्यांना निष्ठेचा शब्द दिला होता. दूधभाताच्या शपथा झाल्या होत्या असं सांगतात. मग १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि शाहूराजे सुटून आले. संभाजीराजांचा मुलगा, शिवाजीराजांचा नातू. आता गादी कुणाची?

इथे एक बाजू खानाची नव्हती. एकीकडे सात वर्षं राज्य जिवंत ठेवणाऱ्या ताराबाई आणि त्यांना दिलेली शपथ. दुसरीकडे थोरल्या घराचा वारस. रामचंद्रपंत ताराबाईंकडे राहिले. धनाजी जाधव शाहूराजांकडे गेले. बाळाजी विश्वनाथ शाहूराजांकडे. परशुरामपंत ताराबाईंकडे. काल एका तंबूत बसून औरंगजेबाशी लढणारी माणसं आज समोरासमोर. यांतल्या कुणालाही आज आपण गद्दार म्हणत नाही. सातारा आणि कोल्हापूर, दोन्ही गाद्यांपुढे आपण मान लववतो. हे ज्याला पटतं, त्याने आजच्या वादात तो शब्द जरा जपून वापरावा.

शाहूराजांचा निरोप शंकराजींना आला. शपथ मोडावी तर अधर्म, वारसाविरुद्ध शस्त्र धरावं तर अधर्म. १७०७ च्या अखेरीस त्यांनी स्वतःच आपला देह संपवला, असं परंपरा सांगते. कसा, याच्या वेगवेगळ्या कथा आहेत, त्यात शिरायचं कारण नाही. शाहूराजांनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकरला, सचिवपद दिलं.

या समाधीपुढे मी नमस्कार करतो, आणि तरीही एक गोष्ट स्पष्ट म्हणतो. तो शेवट आपल्यासाठी आदर्श नाही. त्या माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नको. निष्ठा विकून दोन्हीकडून फायदा घेणारे तेव्हाही होते, आजही आहेत. शंकराजी त्यांतले नव्हते. पण गीता उघडली की दिसतं, अर्जुनही नेमका तिथेच पोचला होता. पहिल्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, की मी शस्त्र खाली ठेवतो, समोरच्यांनी मला मारलं तरी त्यात माझं भलंच आहे. दोन्ही बाजूंना आपली माणसं, दोन्ही बाजूंना पाप, त्यापेक्षा मरण बरं. तीच जागा, तोच विचार.

अर्जुन तिथून पुढे कसा गेला? सातव्या श्लोकाने. तो बोलला. "मला कळत नाहीये" हे त्याने दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने सांगितलं. एवढ्या मोठ्या धनुर्धराने, ऐन रणात, दोन्ही सैन्यांच्या मधोमध, सारथ्याला विचारलं, "मी काय करू?" मला या श्लोकात सगळ्यांत मोठी गोष्ट हीच वाटते. उत्तर त्याला लगेच मिळालं नाही, अठरावा अध्याय यावा लागला. पण ओझं त्या क्षणी एकट्याचं राहिलं नाही.

शंकराजींना विचारायला कोण होतं, हे आपल्याला सांगता येणार नाही. आपल्याला मात्र विचारायला माणसं आहेत. म्हणून वाचणाऱ्यांपैकी कुणाला, राजकारणामुळे असो की घरातल्या दुफळीमुळे, "यापेक्षा नसलेलं बरं" असं वाटत असेल, तर त्याने आजच्या चिंतनातून एवढंच घ्यावं : बोला. आईशी, मित्राशी, डॉक्टरांशी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, तिथे बोला. कृष्ण प्रत्येक वेळी पीतांबर नेसूनच येतो असं नाही.

आणि ज्यांचा प्रश्न एवढा जिवावरचा नाही, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. कधी कधी दोन्हीकडे धर्म असतो. तिथे निवडावं लागलं, तर आपण अर्ध्या धर्माला दुखावलंय याची जाणीव ठेवून निवडावं. भगवंतांनी अर्जुनाला लढायला सांगितलं, पण भीष्मांना नमस्कार करू नको असं सांगितलं नाही.

विजयाला दिलेलं देवाचं नाव

आता ते राहिलेलं दुसरं उत्तर : "देव आपल्याच बाजूने आहे."

वेल्ह्यातून तोरणा दिसतो. शिवाजीराजांनी त्याला प्रचंडगड नाव दिलं. १७०४ मध्ये औरंगजेबाने तो जिंकला आणि नाव ठेवलं फुतुहुल्गैब, म्हणजे दैवी विजय. ऐंशी ओलांडलेला बादशहा, सह्याद्रीत वर्षानुवर्षं किल्ल्यांमागे फिरणारा, आणि एका गडावर त्याला वाटलं की हा तर देवानेच दिला. चार वर्षांच्या आत गड मराठ्यांकडे परत आला. तो दैवी विजय कुठे गेला?

हे फक्त औरंगजेबाला लागू आहे असं समजायचं कारण नाही. जिंकलेला प्रत्येक माणूस आपल्या विजयाला देवाचं नाव चिकटवायला बघतो. गुलाल उधळला की लगेच "देवाचा कौल" म्हणतो. मग हरलेल्याने काय समजायचं, देव त्याला सोडून गेला? १६५९ च्या सप्टेंबरात, खान वाईकडे असताना, सईबाई राजगडावर गेल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. खानाच्या वधाला अजून दोन महिने होते. त्या दिवशी राजगडावर कुणी विचारलं असतं, की देव कुणाच्या बाजूने आहे, तर काय उत्तर देणार होतो आपण? पायथ्याला पाल गावात त्यांची समाधी आहे. राजगड चढताना आपण शेवाळलेल्या बुरुजांचे फोटो काढतो. जमलं तर तिथेही दोन मिनिटं थांबावं.

मला उमगलंय ते असं : घटनांमध्ये देवाचा निरोप शोधू नये. कोण पडलं, कोण आलं, यात तो आपल्याशी बोलत नाही. तो बोलतो ते त्या घटनेने माझ्या आत काय हलवलं त्यातून. निकालाच्या दिवशी माझ्या पोटात गोळा का आला? शेजाऱ्याचा उमेदवार पडल्यावर मला एवढा आनंद का झाला? बरोबर तिथे माझं वतन आहे.

तोरण्यावर मेंगाईचं देऊळ आहे. प्रचंडगड असताना ती देवी होती, फुतुहुल्गैब असताना होती, आणि आता तालुक्याचंच नाव वेल्ह्याचं राजगड झालं, तरी ती आहेच. शंकराजींच्या वंशजांची भोरची गादी ८ मार्च १९४८ ला मुंबई प्रांतात विलीन झाली. अडीचशे वर्षांचं संस्थान, एका तारखेला संपलं. आंबवड्यातला नागेश्वर तिथेच आहे. याचा अर्थ राज्यं क्षुल्लक आहेत असा नव्हे. राज्य चांगलं की वाईट याने गरिबाच्या ताटात भाकरी येते किंवा जाते. एवढंच, की आपला जीव ज्याला टांगायचा ती खुंटी राज्यात ठोकू नये.

आजची साधना

म्हणून मित्राच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. टाळ वाजवणं हे पळून जाणं ठरू शकतं, आणि ठरत नाहीही. टाळ खाली ठेवल्यावर तू मतदानाला जातोस का, अन्याय दिसला तर बोलतोस का, आणि बोलताना समोरच्याला माणूस समजतोस का, यावर ते ठरतं. कान्होजी कीर्तनात बसून राहिले नाहीत. खोपड्यांना विसरलेही नाहीत.

आज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी करून बघू या.

पहिली. या सगळ्या गदारोळात माझं "वतन" कोणतं, ते एका ओळीत वहीत लिहा. पद असेल, काम मिळण्याची आशा असेल, "मी आधीच म्हटलं होतं" हा मान असेल, ग्रुपमधली पत असेल. दुसऱ्याचं नको, आपलं लिहा.

दुसरी. सकाळी आंघोळीनंतर ओंजळीत पाणी घ्या, ती ओळ आठवा, आणि पाणी तुळशीत सोडा. मनात म्हणा, हे तुझं. उद्या ते पुन्हा आपलं वाटेल. पुन्हा सोडा. कान्होजींना एकदाच सोडावं लागलं, आपल्याला बहुतेक रोज लागेल.

तिसरी. जो खोपडे झालाय असं तुम्हाला वाटतं, त्या एका माणसाला फोन करा. राजकारणावर बोलू नका. "जेवलास का" एवढं विचारा. त्याच्या मते खोपडे तुम्हीच असाल, हेही ध्यानात असू द्या.

देवा, आमची मूठ तू जबरदस्तीने उघडू नकोस, आम्हालाच ती उघडायची बुद्धी दे. वाट दिसली तर चालायचं बळ दे. दिसली नाही, तर तुला विचारायची लाज वाटू देऊ नकोस. आणि आम्ही जिंकलो, तर हरलेल्यासाठी तुझ्यापाशी शब्द टाकायला आम्हाला उभं कर.

रामकृष्ण हरी.